पिनबॉलचा दांडा ढिला पडलाय? फेकून देऊ नका, बोईसरच्या लेथवाल्याकडे न्या

खिळ्यांची लाकडी पाटी, काचेच्या गोट्या आणि उजव्या कोपऱ्यात स्प्रिंगचा दांडा. हा खेळ लहानपणी जत्रेत किंवा मामाच्या घरी पाहिला असेलच. त्याला बॅगाटेल म्हणतात. पिनबॉल मशीन त्याचंच पुढचं रूप.

गोटी उडवणारा हा स्प्रिंगचा दांडा पेटंटमध्ये आला तो 1871 साली. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी ते घेतलं होतं. पण दांड्याची खरी कमाल दिसली 1976 मध्ये. पिनबॉल म्हणजे जुगार, असं म्हणून न्यूयॉर्कने 1942 पासून त्यावर बंदी घातली होती. रॉजर शार्प या पत्रकाराने समितीसमोर मशीन लावलं, बॉल मधल्या वाटेनेच जाणार हे आधीच सांगितलं, दांडा ओढला आणि सोडला. बॉल तिथूनच गेला. बंदी उठली! दांडा ढिला असता तर?

आता दुरुस्तीकडे वळू. बॉल वरपर्यंत पोहोचत नसेल किंवा दर वेळी वेगळ्याच जोराने जात असेल, तर दोष बहुतेक या दांड्यातच असतो. पालघरच्या किनारपट्टीला खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. स्प्रिंगला गंज लागणारच.

आधी प्लग काढा. काच सरकवून बाजूला ठेवा, बॉल काढून घ्या. दांड्याचं घर आतून तीन स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते सोडवलं की अख्खा दांडा बाहेर येतो. टोकाचं रबर ओढून काढा. त्याच्या मागे वॉशर आणि एक छोटी क्लिप असते. क्लिप काढताना वरून फडकं धरा, नाहीतर ती उडते आणि मग अख्खं घर शोधत बसतं.

आतली लांब स्प्रिंग बॉलला जोर देते. बाहेर मुठीजवळची आखूड स्प्रिंग फक्त धक्का झेलते. लांब स्प्रिंग बसली असेल तर ती हाताने ताणून लांब करू नका, आठवड्याभरात पुन्हा बसेल. जुनी स्प्रिंगच नमुना म्हणून न्या. तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे मोजून तशीच बनवून घ्या. लांबी मात्र किंचित जास्त सांगा, कारण जुनी दबून आखूड झालेली असते. स्टेनलेसची स्प्रिंग वायर मिळाली तर उत्तम. जास्त कडक स्प्रिंग टाकायचा मोह आवरा. बॉल साधारण 80 ग्रॅमचा, भरीव स्टीलचा असतो. तो वेगात आदळून वरचे भाग तुटले, तर तसे पार्ट इथे सहज मिळत नाहीत.

दांडा वाकला असेल तर लेथवाला सरळ करून देतो. गंज बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. तेल अजिबात नको, त्यात धूळ चिकटते आणि दांडा अडकायला लागतो. टोकाचं रबर दगडासारखं कडक झालं असेल तर बदला.

परत बसवताना तीनही स्क्रू आधी सैल ठेवा. बॉल वाटेत ठेवून रबराचं टोक त्याच्या बरोबर मध्यभागी येतंय का ते बघा, मगच आवळा. टोक एका बाजूला राहिलं तर बॉल वाटेच्या भिंतीला घासत जातो, आणि नवी स्प्रिंग टाकूनही जोर कमीच वाटतो.