साखळी, औषध आणि सोबत

बुलढाणा जिल्ह्यांतील धाड हें गांव वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या शिवेवर आहे. त्याच तालुक्यांत पिंपळगांव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा असून होळीच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते. त्या गर्दींत हिंदु व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक असतात. ज्यांचें चित्त ठिकाणावर नाहीं अशा आप्तांस घेऊन आलेलीं कुटुंबेंही असतात. बाहेरची बाधा उतरावी, ही त्यांची आशा. अशा माणसाचें काय करावें, हा प्रश्न या मुलखास नवा नाहीं. त्याला वेळोवेळीं मिळालेलीं उत्तरें मात्र नीट पारखून पाहण्याजोगीं आहेत.

सरकारी उत्तर प्रथम भिंतींचें होतें. वऱ्हाड १८५३ सालीं इंग्रजी अंमलाखालीं आलें. १८५८ च्या कायद्यानें वेड्यांस ठेवण्याच्या जागांची व्यवस्था लावून दिली आणि १८६४ सालीं नागपुरास असें एक इस्पितळ निघालें. धाडहून नागपूर तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. ज्यास तेथें पोंचविलें, त्याला घर बहुधा अंतरलेंच. शिवाय जागा तरी किती? १९४६ सालीं भोर समितीनें हिशेब मांडला, तेव्हां देशांतील मनोरुग्णालयांत चाळीस हजार लोकसंख्येमागें सुमारें एकच खाट होती. बाकीचे रोगी घरीं, रस्त्यावर अथवा देवस्थानांच्या आश्रयास होते.

दुसरें उत्तर औषधाचें. १९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझिनचा उपयोग तीव्र मनोविकारावर होऊं लागला आणि वर्षानुवर्षें कोंडलेल्या कित्येकांस घरीं परतण्याची वाट मोकळी झाली. परंतु औषध सुधारलें म्हणून शुश्रूषा सुधारतेच असें नाहीं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत कित्येक इस्पितळांची बांधणी अजून तुरुंगासारखीच असल्याचें नमूद आहे.

श्रद्धास्थानांचीही एक काळी बाजू आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या परिसरांतील एका खासगी आश्रयस्थानास आग लागली. रोगी साखळ्यांनीं जखडलेले असल्यामुळें त्यांना पळतां आलें नाहीं व २८ जण मृत्युमुखीं पडले. ज्या साखळीनें त्यांस सांभाळावयाचें, तिनेंच त्यांचा घात केला.

तथापि एवढ्यावरून दर्ग्यास जाणारीं कुटुंबें अडाणी ठरवून मोकळें होणें न्यायाचें नव्हे. भार्गवी दावर व मधुरा लोहोकरे यांनीं महाराष्ट्रांतील दर्ग्यांचा अभ्यास करून २००९ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला; मनावर आघात झालेलीं माणसें सावरण्याच्या कामीं या स्थानांचें काय महत्त्व आहे, याचा विचार त्यांत केला आहे. दर्ग्यांत रोग्याजवळ त्याचीं माणसें असतात. जुन्या इस्पितळानें नेमकी तीच सोबत तोडली होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत हें ओळखून रोग्यांच्या नातलगांस आवारांत तंबू देऊन ठेवून घेतलें. गुजरातेंत मीरा दातार दर्ग्यापाशीं २००८ पासून दवा आणि दुवा यांची सांगड घालण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथें डॉक्टर कोणाची श्रद्धा मोडीत नाहीं व मुजावर कोणाचें औषध थांबवीत नाहीं.

सोबतीचा उपयोग मोजतां येतो काय? डॉ. सुदिप्तो चटर्जी व त्यांचे सहकारी यांनीं सातारा, गोवा व तामिळनाडू येथें स्किझोफ्रेनियाच्या २८२ रोग्यांवर हा प्रयोग केला. कांहींना नेहमींचे इस्पितळांतील उपचार दिले. इतरांकडे त्या उपचारांशिवाय गांवांतीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरीं जात. बारा महिन्यांनंतर घरपोंच साहाय्य मिळालेल्यांचीं लक्षणें व दुबळेपणा अधिक कमी झालेला आढळला. २०१४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलेला हा निष्कर्ष प्रामाणिक आहे : लाभ माफक होता आणि तो ग्रामीण तामिळनाडूंत विशेष दिसला. सातारा व गोवा येथें तितका दिसला नाहीं, ही गोष्टही तितकीच बोधप्रद आहे. एकच योजना सर्वत्र सारखी फळत नाहीं. ती ज्या त्या मातींत रुजवावी लागते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्यास कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. कायद्यानें साखळी तुटते. सोबत मात्र माणसांनींच द्यावयाची असते. धाडच्या एखाद्या आईनें आपल्या मुलास दर्ग्यास न्यावें कीं इस्पितळांत, या पेंचांत तिला टाकणेंच मुळीं चुकीचें आहे. तिच्या गांवापाशीं औषध पोंचावें व तें चालू आहे कीं नाहीं हें विचारणारा माणूस दारीं यावा; मग तिनें नारळ वाहिला तरी कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. दीडशें वर्षांच्या अनुभवाचा अर्थ एवढाच निघतो.