एका खोलीतील तीन विद्यार्थी

मनःशांतीचा शोध ही काही आजच्याच तरुणांनी आरंभिलेली गोष्ट नव्हे. अलीकडे आमच्या धर्मग्रामांतील मुलेमुली सजगता, जीवनाचा हेतू, आनंदी राहण्याची कला असे शब्द वारंवार उच्चारताना आढळतात. कोणी शिबिराला जातात, कोणी मोबाईलवरील सूचना ऐकत पहाटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतात. घरातील वडीलधाऱ्यांना हे नवे खूळ वाटते. जपमाळेच्या प्रार्थनेला वेळ नाही आणि ध्यानाला मात्र आहे, अशी तक्रार पालक आमच्या कानी घालतात. तक्रारीमागील काळजी आम्ही जाणतो. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक पान उघडून पाहिले, तर ही तळमळ आपल्याला परकी वाटण्याचे कारण उरत नाही.

ते पान आहे सन १५२९ चे. पॅरिस विद्यापीठाच्या सेंत बार्ब महाविद्यालयात हुआन दे ला पेन्या नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली दोन तरुण काही वर्षे एकत्र राहत होते. दोघांचाही जन्म १५०६ च्या एप्रिल महिन्यातला, अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने झालेला. एक होता नवार प्रांतातील गढीवर वाढलेला सरदारपुत्र फ्रान्सिस झेवियर. युद्धात घराण्याचे वैभव गेले होते; ते परत मिळवावे, निदान पाम्पलोना येथील कॅथेड्रलमध्ये मानाचे पद मिळवावे, ही त्याची आकांक्षा. धावण्याउडण्यात तरबेज, हसतमुख, स्वतःवर विश्वास असलेला असा हा तरुण होता. दुसरा होता सव्हॉय प्रांतातील डोंगराळ खेड्यातला पीटर फेबर. लहानपणी मेंढरे राखताना शाळेत जाण्यासाठी तो रडला, म्हणून आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवले. बुद्धीने तो तल्लख, पण मनाने फार हळवा.

आजच्या तरुणांची मनःस्थिती ज्यांना समजून घ्यायची आहे, त्यांनी या फेबरकडे नीट पाहावे. पुढे लिहिलेल्या आपल्या आध्यात्मिक टिपणांत त्याने त्या दिवसांची प्रांजळ हकिकत नोंदवली आहे. विवाह करावा की वैद्य व्हावे, वकिली करावी की अध्यापन, ईशज्ञानाचा पंडित व्हावे की मठवासी, याचा निर्णय त्याला वर्षानुवर्षे होत नव्हता. मन वाऱ्यागत दिशा बदलत असे. त्यात भर म्हणजे, आपली पापे आपण पूर्णपणे सांगितलीच नाहीत, ही शंका त्याला सतत कुरतडत राही. शिक्षण होते, मित्र होते, उज्ज्वल भविष्य समोर होते. तरी आत स्वस्थता नव्हती.

या खोलीत १५२९ साली तिसरा विद्यार्थी आला. तो जवळजवळ अडतीस वर्षांचा, किंचित लंगडत चालणारा, जुनेरे ल्यालेला होता. हाच इग्नेशियस लोयोला. मे १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला होता. घरी अंथरुणावर पडून असताना शौर्यकथांची पुस्तके मागूनही मिळाली नाहीत, म्हणून त्याने ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली. तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मन सुखावत असे, पण ती ओसरताच कोरडे पडे. संतांप्रमाणे जगावे असा विचार केला की आलेला आनंद मागाहूनही टिकून राही. आपल्या मनात काय येते, ते कोठून येते व कोठे नेते, याकडे सावधपणे पाहण्याचा हा आरंभ होता. पुढे मानरेसा येथे त्याने सुमारे अकरा महिने काढले. तेथे अपराधभावनेने त्याला असे ग्रासले की जीव द्यावा, असेही त्याच्या मनात येऊन गेले. त्या अंधारातून जे शिकायला मिळाले, त्यातूनच 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाची जडणघडण झाली. नंतर तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोना येथे पोराटोरांच्या शेजारी बसून त्याने लॅटिनची मुळाक्षरे गिरवली, तीही इतरांच्या आत्म्यांची सेवा करता यावी म्हणून.

इग्नेशियसला ॲरिस्टॉटल समजावून देण्याचे काम फेबरकडे आले. शिकवता शिकवता शिष्यच गुरूचा मार्गदर्शक झाला. येथे इतिहास आम्हांला एक मोलाची गोष्ट सांगतो. फेबरने आपले अंतःकरण उघडे केले, तरी इग्नेशियसने त्याच्यावर उपदेशाचा भडिमार केला नाही, की घाईघाईने संपूर्ण साधनाही त्याच्या हाती ठेवली नाही. एकदा सगळ्या आयुष्याचा पापनिवेदन संस्कार घे, दर आठवड्याला पापनिवेदन करून पवित्र कम्युनियन स्वीकार आणि रोज आत्मपरीक्षण कर, एवढेच त्याने सुचवले. असे सुमारे चार वर्षे चालले.

हे दैनंदिन आत्मपरीक्षण म्हणजे काय, हे आमच्या तरुणांनी अवश्य जाणून घ्यावे. त्याच्या पायऱ्या पाच. प्रथम देवाने दिलेल्या दानांबद्दल कृतज्ञता, मग स्वतःला खरेपणाने पाहता यावे म्हणून कृपेची याचना, मग उठल्यापासूनच्या प्रत्येक तासाचे अवलोकन, मग क्षमायाचना, आणि शेवटी उद्यासाठी निर्धार. यात सजगता आहेच. पण तिचा आरंभ आभाराने होतो आणि तिचा शेवट उद्याच्या कृतीत होतो. आपण एकटेच स्वतःकडे पाहत बसलो आहोत असे तेथे होत नाही. आपल्यावर प्रेम करणारा कोणी आपल्याबरोबर पाहत असतो.

१५३४ च्या प्रारंभी फेबरने पूर्ण साधना केली. त्या हिवाळ्यात सेन नदी गोठली होती. उत्साहाच्या भरात त्याने सहा दिवस अन्न घेतले नाही व खोलीत शेकोटीही पेटवली नाही. इग्नेशियसला हे कळताच त्याने त्याला विस्तव पेटवायला आणि जेवायला लावले. शरीराला छळणे म्हणजे साधना नव्हे, हे त्या कठोर तपस्व्यालाही उमगलेले होते. त्याच वर्षी मे महिन्यात फेबर धर्मगुरू झाला. दहा वर्षांचा संभ्रम तेथे मिटला.

झेवियरची वाट निराळी होती. इग्नेशियसच्या जुनेऱ्यांची तो आरंभी थट्टा करी. त्याचे मन वळायला वर्षे लागली. पण वळले तेव्हा पुरते वळले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, माँमार्त्र टेकडीवरील लहान देवालयात सात मित्र जमले. त्यांच्यात धर्मगुरू एकटा फेबरच होता. त्याने मिस्सा अर्पण केली आणि सर्वांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांची आणि यरुशलेमला जाऊन आत्म्यांची सेवा करण्याची शपथ घेतली. नंतर टेकडीच्या पायथ्याशी झऱ्याकाठी त्यांनी एकत्र भोजन केले. हाती पैसा नाही, पद नाही, पुढचा मार्गही अनिश्चित. तरीही तो दिवस त्यांच्या आयुष्यातील अत्यंत आनंदाचा ठरला.

त्यापुढील कथा आपल्या किनाऱ्याला येऊन भिडते. १५४० मध्ये भारतासाठी निवडलेला सोबती आजारी पडला, म्हणून झेवियर जवळजवळ एका दिवसाच्या तयारीने निघाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. वसईच्या भूमीलाही त्याचे पाय लागले. युरोपातील मित्रांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून घेऊन त्या तो जवळ बाळगीत असे. १५४४ साली कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले आहे की, पॅरिसच्या विद्यापीठात जाऊन वेड्यासारखे ओरडावे आणि विद्वानांना सांगावे, तुमच्या ज्ञानाची वाट पाहत किती जीव खोळंबले आहेत. हे लिहिणारा एके काळी त्याच विद्यापीठात स्वतःच्या मानमरातबाची स्वप्ने पाहत होता.

आणि फेबर? त्याच्या टिपणांतून दिसते की उदासीनतेचे झटके त्याला अखेरपर्यंत येत राहिले. १५४६ साली रोम येथे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याने देह ठेवला आणि १७ डिसेंबर २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. मन कधीच खिन्न होणार नाही, असे आश्वासन साधनेने त्याला दिले नव्हते. खिन्नतेतही कोणावर भरवसा ठेवावा व कोणाच्या उपयोगी पडावे, हे तिने शिकवले. खिन्नता हटतच नसेल, तर वैद्यकीय उपचार घेण्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातही रुजलेली आहे. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आरंभिलेली साधना संस्था पुढे लोणावळ्यास गेली. श्वास, कानी पडणारे आवाज व शरीराच्या संवेदना यांकडे लक्ष देत प्रार्थनेत शिरण्याचा मार्ग त्यांनी १९७८ च्या 'साधना' या पुस्तकात दाखवला. त्यांच्या काही लेखनाबाबत रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तथापि श्वासाकडे लक्ष देणारा तरुण देवापासून दूर चालला आहे, असे समजण्याचे कारण नाही. तो उंबरठ्यावर उभा आहे. आत कोणी बोलावते की दार लावून घेते, हा प्रश्न आपला आहे.

सेंत बार्बच्या त्या खोलीत जे घडले, त्यात पद्धतीपेक्षा सोबतीचा वाटा मोठा होता. एका वयस्क माणसाने एका गोंधळलेल्या तरुणाचे म्हणणे चार वर्षे ऐकून घेतले. आमच्या धर्मग्रामांत तरुणांसाठी क्रीडास्पर्धा होतात, सहली होतात, व्याख्याने होतात. पण निर्णय न झालेल्या मुलाजवळ चार वर्षे बसण्याइतका धीर आमच्यापैकी किती जणांपाशी आहे? पालकांनो, मुलाने नोकरी सोडण्याची भाषा केली, तर आधी ऐका, मग बोला. आणि तरुण मित्रांनो, शांतीचा शोध थांबवू नका. पण रात्री निजण्यापूर्वी ती पाच पायऱ्यांची पाऊण घटका काढा आणि 'मला बरे वाटते का?' या प्रश्नाच्या जोडीला 'माझी वाट कोण पाहत आहे?' हाही प्रश्न स्वतःला विचारा. झेवियरला त्याचे उत्तर मिळाले, म्हणून तर तो आपल्या किनाऱ्याला लागला.