टिंबापुढचा देश

संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटच्या टिंबापुढे येणारी दोन अक्षरे आपण सहसा वाचतही नाही. 'डॉट इन' म्हणजे भारत, 'डॉट जेपी' म्हणजे जपान, एवढे समजले की आपले काम भागते. परंतु ही अक्षरे कोणाला द्यावीत, दिल्यावर ती कोणाच्या मालकीची होतात आणि ती परत घेण्याचा अधिकार कोणाला, असे विचारू लागलो की आंतरजालाच्या कारभाराचा चार दशकांचा इतिहास समोर येतो. आमच्या मते हा इतिहास निर्णय घेण्याचा कमी आणि निर्णय टाळण्याचा अधिक आहे. हे टाळणे शहाणपणाचे होते की पळपुटेपणाचे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आजच्या नामव्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यापूर्वी जाळ्यातील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी ज्याने त्याने आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची असे. नव्या रचनेत नावे उलट्या वृक्षासारखी मांडली गेली: वर मूळ, त्याखाली 'डॉट कॉम'सारख्या मोजक्या शाखा, त्यांच्याखाली उपशाखा. मुळाशी असलेली सूची लहानशीच असते. कोणत्या शाखेची चौकशी कोणत्या संगणकाकडे करावी, एवढेच तीत नोंदलेले असते. मात्र जी शाखा या सूचीत नाही, ती सर्वसाधारण वाचकाच्या दृष्टीने आंतरजालावरच नाही.

१९८४ मध्ये या मुळाखाली देशांनाही जागा द्यावयाचे ठरले. सूचीचे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल पाहत असत. जगात देश किती आणि कोणते, हा प्रश्न अभियंत्यांनी सोडवण्याजोगा नव्हता. त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची 'आयएसओ ३१६६' ही १९७४ पासून प्रचलित असलेली यादी जशीच्या तशी उचलली. तीत प्रत्येक देशासाठी व प्रदेशासाठी दोन अक्षरांचा संकेत आधीच ठरलेला होता. जो संशोधक वा जी संस्था जबाबदारी घेण्यास तयार असेल, तिच्याकडे त्या त्या देशाचे नाव सोपवले जाई. भारताचे 'डॉट इन' १९८९ साली नोंदले गेले. पुढे अनेक वर्षे त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेतून चाले. २००५ मध्ये तो निक्सी या संस्थेकडे गेला.

या रिवाजाला लेखी रूप मिळाले ते मार्च १९९४ मध्ये. पोस्टेल यांनी प्रसिद्ध केलेल्या 'आरएफसी १५९१' या टिपणात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. पहिली, देश कशाला म्हणावे हे ठरवणे आमचे काम नाही. ती यादी ज्यांची आहे त्यांची त्यासाठी रीतसर पद्धत आहे. दुसरी, नाव सांभाळणारा हा मालक नव्हे, विश्वस्त आहे. तेथे हक्काची भाषा गैरलागू असून जबाबदारीची आणि सेवेची भाषाच योग्य आहे. आमच्या दृष्टीने ही आंतरजालाची अलिखित घटना होय. तिला कायद्याचा आधार मात्र कोणताच नव्हता.

उसन्या यादीचे फळ चांगले मिळाले. तैवानच्या दर्जावरून किती वाद आहेत हे सर्वांस ठाऊक आहे, तरी यादीत त्याला संकेत आहे म्हणून 'डॉट टीडब्ल्यू' चालते. पॅलेस्टाइनला १९९९ मध्ये संकेत मिळाला आणि २००० मध्ये 'डॉट पीएस' अस्तित्वात आले. राष्ट्रसंघाच्या सभासदत्वाची वाट पाहावी लागली नाही. कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. पण यादीत त्याला संकेत नाही, म्हणून आंतरजालावर त्याचे स्वतःचे राष्ट्रीय नावही नाही. मृत देशांची कथा याहून विचित्र आहे. सोव्हिएत संघाला 'डॉट एसयू' १९९० च्या सप्टेंबरात मिळाले. पुढच्या वर्षी देश संपला, नाव मात्र राहिले. युगोस्लाव्हियाचे 'डॉट वाययू' २०१० मध्ये मूळ सूचीतून काढून टाकले गेले. त्या नावाखाली लिहिल्या गेलेल्या पानांचे पत्ते त्याच दिवशी निरर्थक झाले.

विश्वस्ताच्या डोक्यावर एक धनी होता, हे १९९८ मध्ये उघड झाले. त्या वर्षीच्या जानेवारीत पोस्टेल यांनी मूळ सूचीची प्रत ठेवणाऱ्या आठ चालकांना कळवले, की यापुढे ती आमच्या संगणकावरून घ्यावी. चालकांनी ते निमूटपणे मानले. अमेरिकी सरकारने डोळे वटारताच, ही केवळ चाचणी होती असे सांगून पोस्टेल यांनी सर्व पूर्ववत केले. एका माणसाच्या शब्दावर जग चालते ही गोष्ट वॉशिंग्टनला मानवणारी नव्हती. सप्टेंबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात 'आयकॅन' ही विनानफा संस्था नोंदली गेली. ऑक्टोबरात पोस्टेल निवर्तले. कारभार आयकॅनकडे आला, पण मूळ सूचीतील प्रत्येक बदलावर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची संमती लागत असे.

इतर देशांना हे खुपणे साहजिक होते. इराकचे उदाहरण बोलके आहे. 'डॉट आयक्यू' १९९७ मध्ये टेक्सासमधील एका खासगी कंपनीकडे सोपवलेले होते. २००२ मध्ये त्या कंपनीच्या चालकांवर अमेरिकेत फौजदारी आरोप ठेवले गेले, आणि इराकच्या दळणवळण आयोगाकडे ते नाव येण्यास २००५ साल उजाडले. मधल्या काळात इराकी जनतेचे राष्ट्रीय नाव परदेशातल्या खटल्यात अडकून पडले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिस येथे राष्ट्रसंघाची माहितीसमाजविषयक शिखर परिषद भरली. अमेरिकेचा ताबा सुटावा ही अनेक देशांची मागणी तेथे मान्य झाली नाही. परंतु एका देशाच्या नावाविषयीच्या निर्णयात दुसऱ्याने पडू नये, हे तत्त्व जाहीरनाम्यात आले. जाहीरनामा म्हणजे तह नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते.

या तत्त्वाची खरी परीक्षा न्यायालयात झाली. दहशतवादी हल्ल्यांत बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांनी इराणविरुद्ध अमेरिकी न्यायालयांतून मोठ्या भरपाईचे हुकूम मिळवले होते, पण पैसे हाती येत नव्हते. २०१४ मध्ये त्यांनी आयकॅनवर जप्तीची नोटीस बजावली: इराणचे 'डॉट आयआर' जप्त करून आम्हांस द्यावे. सीरिया व उत्तर कोरिया यांच्या नावांवरही असाच दावा होता. नाव ही मालमत्ता आहे काय, या प्रश्नाला आता बगल देता येईल असे वाटत नव्हते. कनिष्ठ न्यायालयाने म्हटले, की हे नाव ते चालवणाऱ्या सेवेपासून वेगळे काढता येत नाही, म्हणून जप्त होत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण कारण बदलले. मालमत्तेचा हक्क आहे असे घटकाभर गृहीत धरले, तरी जप्तीने त्या नावाखालील असंख्य त्रयस्थांचे आणि साऱ्या व्यवस्थेचे नुकसान होईल, सबब ती नाकारावी. मालकीचा प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहिला.

या निकालात हरले कोण, हे विसरणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या कुटुंबांचे दुःख खरे होते, त्यांच्या हाती न्यायालयाचे हुकूम होते. जगाचे जाळे अखंड राहावे याची किंमत काही अंशी त्यांनी मोजली. २०२२ मध्ये हीच किंमत मोजण्याची पाळी युक्रेनवर आली. रशियाच्या आक्रमणानंतर 'डॉट आरयू'सह रशियन नावे मूळ सूचीतून काढावीत अशी त्याने विनंती केली. आमची संस्था तटस्थ असून शिक्षा करणे तिचे काम नव्हे, असे आयकॅनने काही दिवसांतच उत्तर दिले. आम्हांस हे उत्तर बरोबर वाटते. ज्या दिवशी मूळ सूची शिक्षेचे हत्यार होईल, त्या दिवशी प्रत्येक सत्ता आपापली वेगळी सूची करू लागेल, आणि एकाच पत्त्यावर सर्वांना एकच पान दिसण्याची खात्री संपेल.

मात्र ही तटस्थता आज कशावर उभी आहे? अमेरिकी वाणिज्य खात्याचा करार ३० सप्टेंबर २०१६ रोजी संपला. आयकॅन तरीही कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालील संस्थाच राहिली. इराणचे नाव वाचले ते एका देशाच्या न्यायाधीशांच्या तारतम्यामुळे. उद्याचे न्यायाधीश किंवा उद्याची संसद तेच तारतम्य दाखवील याची हमी कोणी दिलेली नाही. सर्व राष्ट्रांनी बसून तह करावा म्हटले, तर देश कशाला म्हणावे हाच वाद पहिल्या बैठकीत सुरू होईल, आणि पोस्टेल यांनी जे शिताफीने टाळले ते पुन्हा दारात येईल.

यातून एक अरुंद वाट निघते असे आम्हांस वाटते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती हीही मुळात स्वित्झर्लंडच्या कायद्याखालची खासगी संस्थाच. तरी १९९३ मध्ये स्विस सरकारने तिच्याशी करार करून तिला आपल्या न्यायालयांच्या अधिकारापासून संरक्षण दिले, कारण पक्षपाताच्या संशयाने तिचे कामच बुडाले असते. मूळ सूचीच्या कामापुरते, आणि तेवढ्यापुरतेच, असे संरक्षण अमेरिकेला कायद्याने देता येईल. त्यासाठी नावाचा मालक कोण हे ठरवावे लागणार नाही. निर्णय न घेण्याची परंपरा चालूच राहील. फक्त ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.