ख्रिस्तपुराणाच्या पोथ्या आणि मुलांचें धर्मशिक्षण

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाचा विचार आजवर बहुधा भाषा व काव्य ह्या दोन अंगांनीं झालेला आहे. परंतु ग्रंथाच्या मुळाशीं असलेला प्रश्न निराळा आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या घरांतील मुलांच्या ठिकाणीं ती श्रद्धा टिकावी कशी, हा तो प्रश्न होय. उपलब्ध पोथ्यांच्या साक्षीनें त्याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

सोळाव्या शतकांत गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेनें ह्या प्रश्नाचें उत्तर बळानें दिलें. १५५९ च्या राजाज्ञेनें पोरक्या हिंदु मुलांस सेंट पॉल कॉलेजच्या हवालीं करून त्यांस बाप्तिस्मा देण्याची तरतूद झाली. साष्टी प्रांतांतील देवळें पाडलीं गेलीं व जुन्या पुराणांचें वाचन निषिद्ध ठरलें. मूल असें हस्तगत झालें, तरी त्याचें मन हस्तगत झालें असें म्हणतां येत नाहीं.

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचा. तो १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ त वारला. मधलीं बहुतेक वर्षें त्यानें साष्टींत काढलीं. मुलांच्या शिक्षणासाठीं त्यानें दोन निरनिराळीं साधनें सिद्ध केलीं. पहिलें, कोंकणी भाषेंतील 'दोत्रीन'. हें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. मुलांस शिकविण्यासाठीं संवादरूपानें रचलेलें, असें त्याच्या शीर्षकांतच म्हटलें आहे. गुरूनें विचारावें, शिष्यानें उत्तर द्यावें, ही त्याची रीत. दुसरें साधन म्हणजे १६१६ चें ख्रिस्तपुराण.

पहिलें साधन असतां दुसऱ्याची गरज कां भासली, ह्याचें उत्तर पुराणाच्या आरंभींच मिळतें. मुलांस धर्मतत्त्वें शिकविलीं जात असतां एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं ? हा प्रश्न मार्मिक आहे. पाठ केलेलें उत्तर परीक्षेपुरतें पुरतें. परंतु संध्याकाळीं घरांत बसून ऐकावी अशी कथा जर उरली नाहीं, तर मुलाचें मन रितें राहतें. हें जाणूनच स्टीफन्सनें सुमारें ११,००० ओव्यांचा ग्रंथ मराठींत रचला व सामान्यांस कळावा म्हणून त्यांत कोंकणीचे सुगम शब्द मिसळले. तो देशी लिपींत छापावा ही त्याची इच्छा होती. परंतु १६०८ च्या पत्रांत तो लिहितो कीं, रोमन लिपीस २४ अक्षरें पुरतात, तर ह्या लिपीस सुमारें ६०० ठसे लागतील. म्हणून पुराण रोमन लिपींत छापलें गेलें.

१६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत अद्याप हातीं आलेली नाहीं. जें वांचलें तें हस्तलिखितांनीं वांचविलें. गोव्यांत व मंगळुराकडे रोमन लिपींतील पोथ्या मिळतात; लंडनच्या मार्सडन संग्रहांत देवनागरी प्रत आहे. १९०७ ची सालढाण्यांची मंगळुरी आवृत्ति पोथ्यांच्या आधारेंच सिद्ध झाली. एवढा विस्तृत ग्रंथ कोणी हौसेखातर उतरून काढीत नाहीं. ज्यास तो वाचावयाचा, गावयाचा, मुलांस ऐकवावयाचा असतो, तोच हे श्रम करतो.

ह्या अनुमानास पुढील इतिहासहि पुष्टि देतो. १६८४ च्या आज्ञेनें तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचें फर्मान सुटलें. १७५९ त जेझुइटांची हकालपट्टी झाली, १८३५ त गोव्यांतील इतर धर्मसंघहि बंद झाले आणि १९११ च्या कायद्यानें पोर्तुगालांत राज्य व चर्च विभक्त झालीं. प्रथम भाषेवर बंधन आलें, मग गुरु गेला, शेवटीं राजाश्रयहि सुटला. मंगळुरी ख्रिस्ती लोक तर १७८४ ते १७९९ टिपूच्या कैदेंत होते. त्या काळांत पुराणाच्या ओव्यांनीं धीर दिला असें परंपरा सांगते. परंपरा हा कागद नव्हे, हें खरें; तरी पोथ्यांची साक्ष तिच्या विरुद्ध जात नाहीं.

तात्पर्य, मुलांची श्रद्धा टिकविण्यास राजाज्ञा असमर्थ ठरते, केवळ प्रश्नोत्तरें अपुरीं पडतात. घरच्या भाषेंत, घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेली कथा मात्र पिढ्यान् पिढ्या चालते. आज धर्माचा धाक व धर्माचा आश्रय दोन्ही ओसरले असतां हें विशेष ध्यानीं घेण्याजोगें आहे, मग धर्म कोणताहि असो.

संग्राहकांस एक विनंती. अशी पोथी जुन्या घरांत आढळल्यास नवी बांधणी करण्यापूर्वीं तिचीं कोरीं पानें, समास व बोटांनीं मळलेले कोपरे नीट पाहावेत. कोणता भाग अधिक वाचला गेला, हातांतून हातांत पोथी कशी गेली, ह्याची नोंद बहुधा तेथेंच असते. आणि बांधणाऱ्याच्या कात्रीनें ती एकदां गेली कीं परत मिळत नाहीं.