गळ्याचा मान

गाणाऱ्या बाईचा गळा मोठा की रूप मोठे, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. परंतु मागचा इतिहास पाहिला, तर त्यात स्त्रीच्या मानाचाच प्रश्न गुंतलेला आढळतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हा विषय घेतला आहे.

आपल्याकडे बाईचे गाणे मुळात पहाटेच्या अंधारातले. जात्यावर बसलेलीचा चेहरा कोण पाहणार? भिंतीपलीकडच्या शेजारणीला पोहोचे तो फक्त आवाज. तेथे रूपाचा हिशेब नव्हता.

बोलपट आला आणि हा हिशेब सुरू झाला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे स्वतःच गायल्या; १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांताबाई आपटेही. कॅमेऱ्यापुढे उभी राहील तिनेच गावे, अशी ती रीत. साहजिकच गळा गोड पण चेहरा बेताचा, अशीला तेथे वाव कमी. १९३५ साली ‘धूपछाँव’पासून हिंदी बोलपटात पार्श्वगायन आले; पुढे ते रुळले आणि गळा चेहऱ्यापासून सुटा झाला.

या बदलाचे मोल लताबाई मंगेशकरांच्या चरित्रावरून कळते. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ वारले, तेव्हा लताबाईंना तेरावे वर्षही पुरे झाले नव्हते. घर चालवायचे म्हणून त्यांनी ‘पहिली मंगळागौर’ आदी चित्रपटांत कामे केली. रंगरंगोटी आणि प्रखर दिवे त्यांना कधीच रुचले नाहीत. एका दिग्दर्शकाने त्यांच्या भुवया रुंद आहेत म्हणून त्या कमी करावयास लावल्या, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. भुवयांचे माप घेणाऱ्या त्या जगातून त्यांना सोडविले ते गळ्याने.

परंतु गळ्याला काम मिळाले तरी मान लगेच मिळाला नाही. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील त्यांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर नाव छापले ते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावर मधुबालेने केलेल्या पात्राचे! श्रोत्यांनी आकाशवाणीकडे गायिकेचे नाव विचारले, तेव्हा ते कंपनीकडून मिळवून जाहीर करावे लागले. पुढे ‘फिल्मफेअर’च्या समारंभात गाण्यासाठी त्यांना विचारले गेले, पार्श्वगायकांना पारितोषिकच नाही, तर मी का गावे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. १९५९ साली ते पारितोषिक सुरू झाले आणि ‘मधुमती’साठी पहिले त्यांनाच लाभले.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. रूपाऐवजी गळा पाहणे एवढ्याने भागत नाही. गळ्यामागच्या बाईचे नावही घ्यावे लागते. पडद्यामागची गायिका आपले नाव मागू शकली. जात्यामागची आपली आजी ते कधी मागणार? कितीएक ओव्या आपल्या ओठी आहेत, पण त्या रचणाऱ्या बाया निनावीच राहिल्या.

तेव्हा भगिनींनो, माझी मंडळाला दोन गोष्टींची विनंती आहे. स्वागतगीतासाठी मुली निवडताना रंग व उंची न पाहता डोळे मिटून गळा ऐकावा. आणि डोणगावातील वृद्ध बायांकडून ओव्या उतरवून घेऊन प्रत्येकीखाली, तिची संमती घेऊन, गाणारीचे नाव लिहावे. पुढच्या स्मरणिकेत तशी चार पाने निघाली, तरी मंडळाचे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.