पूर्व आफ्रिकी सीमाशुल्क संघ

पूर्व आफ्रिकी सीमाशुल्क संघ : केन्या, युगांडा व टांझानिया या शेजारी राष्ट्रांनी परस्परांतील जकाती दूर करून व बाहेरील मालावर समान आयातशुल्क बसवून निर्माण केलेली व्यापारव्यवस्था. विकसनशील प्रदेशांतील अशा प्रयोगांत ही फार जुनी आहे. सीमा खुल्या झाल्याने व्यापार वाढला, तरी वाढीचे केंद्र कोठे राहणार, हाच तिच्या इतिहासातील खरा वादविषय होय.

ब्रिटिश अंमलाखालील केन्या व युगांडा १९१७ मध्ये एकाच सीमाशुल्क व्यवस्थेखाली आले. टांगानिका १९२७ मध्ये तीत पूर्णतः सामील झाला. मोंबासा बंदर ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग १९०१ मध्येच पुरा झाला होता. त्यावरील नैरोबी या ठाण्याचे शहर बनले. बँका, कारखाने व गोऱ्या वसाहतवाल्यांचे भांडवल तेथेच एकवटले. युगांडा व टांगानिका यांना त्यामुळे बाहेरील स्वस्त मालाऐवजी संरक्षित भावाने केन्याचा माल घ्यावा लागे. शिवाय त्यावरील आयातशुल्काचे उत्पन्नही बुडे. गरीब शासनांच्या दृष्टीने हा तोटा किरकोळ नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हा असमतोल दूर करण्यासाठी १९६४ मध्ये कांपाला येथे उद्योगांच्या वाटपाचा करार झाला, परंतु केन्याने त्यास अंतिम मान्यता दिली नाही. १९६७ च्या तहान्वये पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन झाला. तुटीच्या राष्ट्रास शेजाऱ्याच्या कारखानी मालावर मर्यादित ‘हस्तांतर कर’ बसविण्याची मुभा मिळाली. पूर्व आफ्रिकी विकास बँकेच्या गुंतवणुकीपैकी टांझानिया व युगांडा यांना प्रत्येकी ३८·७५ टक्के, तर केन्यास २२·५ टक्के वाटा ठरला. तरतूद न्याय्य होती. मात्र कारखाने काढणारे भांडवल नैरोबीकडेच ओढले जाई. टांझानियाचा समाजवाद व केन्याची खाजगी उद्योगास अनुकूल नीती यांचा मेळ बसेना. १९७१ मध्ये ईदी अमीनने युगांडाची सत्ता बळकावल्यावर टांझानियाचे अध्यक्ष जूल्यस न्येरेरे त्याच्यासह बैठकीस बसण्यास तयार नव्हते. १९७७ मध्ये सामायिक विमानकंपनी मोडली, टांझानियाने केन्याची सीमा बंद केली व समुदाय संपुष्टात आला. सीमा १९८३ मध्ये उघडली. मालमत्तेची वाटणी १९८४ मध्ये झाली.

समुदायाचे १९९९ च्या तहाने पुनरुज्जीवन झाले व २००५ मध्ये सीमाशुल्क संघ अंमलात आला. या वेळी पूर्वानुभव उपयोगी पडला : युगांडा व टांझानिया यांचा माल केन्यात लगेच जकातमुक्त झाला, तर केन्याच्या काही मालावरील शुल्क पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरविण्यात आले. रूआंडा व बुरूंडी २००७ मध्ये समुदायात आले. मलाबासारख्या नाक्यांवर दोन्ही देशांची तपासणी एकत्र होऊ लागली. मोंबासा–कांपाला मालवाहतुकीस पूर्वी दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे, तो चार-पाच दिवसांवर आला. शेतमालाचा किरकोळ व्यापार करणाऱ्यांसाठी, त्यांत स्त्रिया बहुसंख्य असतात, दोन हजार डॉलरपर्यंतच्या मालास साधे उत्पत्तिप्रमाणपत्र पुरेसे ठरविण्यात आले. कदाचित हीच सुधारणा सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

तरीही परस्पर व्यापाराचा वाटा सभासदांच्या एकूण परदेशव्यापारात पंचमांशाहून कमीच आहे. चहा, कॉफी यांसारखी बहुतेकांची मुख्य निर्यात आफ्रिकेबाहेर जाते. जकात गेली तरी राजकीय वितुष्ट जात नाही : युगांडा–रूआंडा सीमेवरील गतुना नाका २०१९ च्या फेब्रुवारीत बंद झाला, तो २०२२ च्या जानेवारीअखेर उघडला.