कागदमुक्त कार्यालयाचे भाकीत

कार्यालयातून कागद हद्दपार होणार, हे भाकीत संगणकाच्या सार्वत्रिक प्रसाराहून जुने आहे. १९७५ साली ‘बिझनेस वीक’ या अमेरिकन साप्ताहिकाने भावी कार्यालयाविषयी लेख प्रसिद्ध केला. मेजावर पडदा व कळफलक असलेले यंत्र आले, की छापील प्रतीची गरज फारशी उरणार नाही, असा अभिप्राय त्यात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांनी दिला होता. कागदाच्या प्रती काढण्यावरच जिचा उत्कर्ष झाला, त्या कंपनीच्या शास्त्रज्ञाने हे म्हणावे, यात मौज आहे.

भाकीत फसले, त्याचे खापर प्रथम यंत्रांवर फुटले. त्यास आधारही होता. १९९३ साली अ‍ॅपलने विक्रीस आणलेले ‘न्यूटन’ हे टिपणयंत्र हस्ताक्षर ओळखण्यात चुकू लागले, थट्टेचा विषय झाले, आणि १९९८ मध्ये बंद पडले. परंतु पुढे यंत्रे सुधारली, तरी अनेकजण वहीकडेच परतले. तेव्हा कारण अन्यत्र शोधणे प्राप्त होते.

अ‍ॅलिसन किड यांनी १९९४ मध्ये बौद्धिक काम करणाऱ्यांविषयी जे निरीक्षण मांडले, ते येथे महत्त्वाचे ठरते. मेजावरचा पसारा हा आळसाचा पुरावा नव्हे. ज्या विचाराचे वर्गीकरण अद्याप करता येत नाही, त्याला तो तात्पुरता आसरा देतो. संगणकाची रीत उलट. तेथे टिपणास आधी नाव द्यावयाचे, मग कप्पा. विचार कच्चा असतानाच त्याचे घर ठरते. शोधसोयीने हवे ते क्षणात सापडते हे खरे. पण जे टिपण आपण विसरलो, ते शोधणार कोण? मेजावरचा कागद मात्र न शोधताही नजरेस पडतो. सेलेन व हार्पर यांनी २००२ च्या ग्रंथात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील व्यवहार तपासला, तेव्हा त्यांनाही आढळले, की अनेक मसुदे शेजारी पसरून, समासात खुणा करीत वाचावयाचे असले, म्हणजे कर्मचारी कागदच घेत. पूर्ण झालेले साठविण्यास यंत्र सरस. अपूर्ण कामास कागद.

इतिहासाभ्यासकास हा भेद अपरिचित नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी आला, यावरूनही कधी कधी अर्थ लागतो. पडद्यावरील प्रतिमा एकेक कागद सुटा दाखविते. त्याचा शेजार कोणी निराळा नोंदविला असेल, तरच कळतो.